साकुरामोची की काशिवामोची? वसंतातील जपानी मिठाईची निवड

मार्च ते मे या काळात जपानमधील मिठाईच्या दुकानांत पानात गुंडाळलेले दोन-तीन पदार्थ शेजारी-शेजारी मांडलेले असतात. नवख्याला ते सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे पीठ, त्यांचा सण आणि पानाचे प्रयोजन निरनिराळे आहे, त्यामुळे आधी थोडी माहिती असलेली बरी.

साकुरामोची ही ३ मार्चच्या हिनामात्सुरी या मुलींच्या सणाची आणि पाठोपाठ येणाऱ्या चेरीच्या बहराची मिठाई. मात्र तिची दोन रूपे आहेत. टोकियोकडील रूपाला चोमेइजी म्हणतात. सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी मंदिराचे द्वारपाल यामामोतो शिनरोकू यांनी काठावरच्या चेरीची पाने मिठात मुरवून १७१७ मध्ये ही मिठाई विकायला सुरुवात केली, असे परंपरा सांगते. अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण मैद्याच्या पातळ, मऊ धिरड्यात गुंडाळलेले असल्याने, मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्याच्या, अपेक्षेने ती घेणाऱ्याचा थोडा विरसच होतो. ओसाका-क्योतोकडील दोम्योजी मात्र खऱ्या अर्थाने भाताची मिठाई आहे: चिकट तांदूळ भिजवून, वाफवून, वाळवून आणि मग भरडून केलेल्या रव्याचे हे गुलाबी गोळे असतात, आणि चावताना दाणा न् दाणा जाणवतो. रव्याचे नाव ओसाका प्रांतातील फुजिइदेरा येथील दोम्योजी मंदिरावरून पडले. हल्ली टोकियोतही दोन्ही रूपे मिळतात; एकच घ्यायची झाल्यास माझे मत निःसंशय दोम्योजीला.

पान बहुधा ओशिमा जातीच्या चेरीचे असते आणि इझू द्वीपकल्पातील मात्सुझाकी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. ताज्या पानाला फारसा वास नसतो. मिठात मुरल्यावर त्यातील कुमारिन हे सुवासिक द्रव्य मोकळे होऊन तो ओळखीचा सुगंध येतो. पान खावे की नाही, यावर जपानी लोकांतही एकमत नाही. दोम्योजीसोबत ते खाल्ल्यास खारटपणामुळे पुरणाचा गोडवा आटोक्यात राहतो, तर चोमेइजीचा नाजूक पापुद्रा मात्र त्याच्यापुढे दबून जातो.

काशिवामोची ५ मेची. पूर्वी मुलग्यांचा असलेला हा सण १९४८ पासून बालदिन म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. नवा कोंब फुटेपर्यंत काशिवा ओकचे जुने पान गळत नाही, म्हणून ते वंशसातत्याचे शुभचिन्ह मानतात. आवरण साध्या, चिकट नसलेल्या तांदळाच्या पिठाचे असते, आणि हळदीच्या पानातल्या पातोळीप्रमाणे पान केवळ सुगंधापुरते असून ते काढून टाकायचे असते. साध्या पुरणाऐवजी पांढऱ्या मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे) गोड-खारे पुरण मिळाले, तर तेच घ्यावे. पश्चिम जपानात हे ओक कमी असल्याने तिथे या दिवशी बांबूच्या पानातील चिमाकी या लांबट मिठाईचा मान अधिक आहे.

तिन्ही मिठाया त्याच दिवशी खाव्यात. फ्रिजमध्ये ठेवल्यास तांदळाचे आवरण कडक होते. भारतात आणायचेच असेल, तर तयार मिठाईऐवजी मिठातल्या चेरीच्या पानांचे बंद पाकीट आणावे: चोमेइजीचे धिरडे मैदा आणि थोडे चिकट तांदळाचे पीठ घेऊन आपल्या तव्यावर सहज होते, दोम्योजीसाठी मात्र तो रवाही सोबत आणावा लागेल.