तपासणी नीट, पण मान आणि डोकं राहून जातं

ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत लैंगिक अत्याचारानंतर प्रौढांना जी सेवा मिळते, तिच्याबद्दलचा हा अभिप्राय.

पोलिसांचं पत्र नाही म्हणून इथे कुणाला परत पाठवत नाहीत. कायद्यानेही तसं करता येत नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार लगेच आणि मोफत द्यावेच लागतात. पडदा ओढलेला असतो, सिस्टर हजर असते. योनीत दोन बोटं घालून करायची, बंदी असलेली ‘दोन बोटांची चाचणी’ करत नाहीत. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवसांची देतात. एवढ्या कामाला पाचपैकी चार.

मान आणि डोक्याला मात्र एकच. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तपासणी नमुन्यात डोकं आपटलं का, केस ओढले का, जोरात हलवलं का, हे विचारलेलं आहे. इथे त्यावर टिक होते आणि फॉर्म पुढे सरकतो. गळा दाबला होता का, हे कुणी विचारतच नाही. मानेच्या धमन्या दाबल्या गेल्या की १०-१५ सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात आणि बाहेरून कित्येकदा साधा वळही दिसत नाही. पेशंटही ‘गळा आवळला’ म्हणत नाही, ‘मान धरली’ एवढंच म्हणतो. म्हणून प्रश्न सोपे हवेत: मानेवर हात, कोपर, ओढणी? डोळ्यांपुढे अंधारी आली? कपड्यात लघवी झाली? आवाज बसलाय? गिळताना दुखतंय? मग पापणी उलटून लाल ठिपके बघायचे, हनुवटीखाली आणि कानामागे टॉर्च धरायचा, केसांत बोटं फिरवून टेंगूळ चाचपायचं. पाच मिनिटांचं काम आहे हो!

डोक्याचा सीटी नॉर्मल आला की ‘काही नाही’ म्हणून घरी सोडतात, ही सर्वांत मोठी चूक. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं; कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, दिसत नाही. मानेची धमनी आतून फाटली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात येऊ शकतो, तेव्हा गळा दाबल्यावर शुद्ध गेली असेल तर मानेच्या सीटी अँजिओग्राफीबद्दल (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) डॉक्टरांना विचाराच. घरी गेल्यावर डोकेदुखी वाढली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, एक हात लुळा पडला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर १०८ ला फोन करा.

पुढे विसरायला होतं, चिडचिड होते, उजेड सोसत नाही. सगळंच ‘मानसिक धक्का’ ठरतं आणि पेशंट फक्त समुपदेशनाला जातो. धक्का असतोच, पण त्याच्या जोडीला मेंदूची इजाही असू शकते. चक्कर आणि डोकेदुखी टिकून राहिली तर न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा.

जबाबात घटनांचा क्रम चुकला की खोटेपणाचा संशय येतो. ‘मधे शुद्ध हरपली, तेवढं आठवत नाही’ अशी नोंद पहिल्याच दिवशी असेल, तर त्या चुकण्याचं कारण कागदावर राहतं. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मोफत मिळते. निघण्यापूर्वी तिच्यात ही ओळ आहे का बघा. नसेल तर तिथेच डॉक्टरांकडून लिहून घ्या.