जुनी लक्झरी गाडी घेताय? आधी ती थंड असताना बघा

पुण्यातल्या एका एजंटाकडून मी जुनी जर्मन डिझेल सेडान घेतली, साडेअकरा लाखांना. मीटरवर ५८ हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड." सोलापुरात आणल्यावर दुसऱ्याच सकाळी गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली होती, चाक मडगार्डच्या आत शिरलेलं. मग एकेक दोष बाहेर येत गेला. त्या माणसानं यातला एकही दुरुस्त केला नव्हता, पण मी गाडी बघेन तेवढ्या तासाभरात एकही दिसणार नाही याची पक्की तजवीज केली होती. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडून पुण्याला गाडी बघायला जाणाऱ्यांना ही तजवीज कळावी, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठा फटका हवेच्या सस्पेन्शनचा. अशा गाड्यांत स्प्रिंगऐवजी रबरी बेलो असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. वय झालं की रबराला बारीक चिरा पडतात. गाडी चालू आहे तोवर कॉम्प्रेसर गळती भरून काढतो आणि गाडी ताठ उभी दिसते. रात्रभर बंद राहिली की हवा निघून जाते. मी पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. "उन्हातून आलात साहेब, एसी लावून ठेवलाय, बसा आत." वाटेत इंदापूरला आणि पुन्हा हडपसरला त्याचा फोन आला होता, कुठवर आलात म्हणून. त्या फोनचा अर्थ होटगी रोडच्या आमच्या मिस्त्रींनी गाडी खालून बघितल्यावर सांगितला. "मालक, तुम्ही यायच्या आधी त्यानं गाडी उचलून ठेवली. बेलो गळतोय, म्हणून कॉम्प्रेसर सारखा पळालाय. आता तोही संपत आलाय." बेलो आणि कॉम्प्रेसर मिळून खर्च लाखावर गेला.

टेस्ट ड्राइव्हही त्यानं कात्रज बायपासवरच दिली. मोकळ्या रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये सरळ पळते, गिअरबॉक्सचं दुखणं तिथं समजतच नाही. सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीत अर्धा तास काढल्यावर, तेल पूर्ण तापल्यावर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका बसायला लागला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं, बदलावं लागत नाही, असं एजंट छातीठोकपणे सांगतात. पण बऱ्याच जर्मन गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. तेव्हा ऑइल बदलल्याचं बिल मागा, आणि टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा: गर्दीचा, सिग्नलचा, चढाचा.

मिस्त्रींनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तेव्हा एकही एरर कोड नव्हता. मला बरं वाटलं, त्यांना नाही. त्यांनी दुसरं रीडिंग काढलं: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. पुण्याहून सोलापूरला आलो, जेमतेम तेवढंच अंतर. म्हणजे माझ्या हातात देण्याआधीच मेमरी साफ केली होती. विकत घेण्यापूर्वी आपला माणूस, आपला स्कॅनर न्या आणि हा आकडा बघाच.

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळीकुट्ट काजळी. डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर शाबूत असेल तर पाइप आतून बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हा फिल्टर तापून काजळी जाळू शकत नाही आणि चोक होतो. नवा महाग, म्हणून डबा कापून आतून पोकळ करतात आणि सॉफ्टवेअर बदलून डॅशबोर्डवरचा दिवा गप्प करतात. माझ्या गाडीत नेमकं हेच केलं होतं.

मीटरचं तर बोलायलाच नको. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड काढला, त्यात आधीच्याच एका सर्व्हिसला सव्वा लाखाच्या पुढचं रनिंग नोंदलेलं. टायर कधी बनला तेही त्यावरचे चार आकडे सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

माझ्या गाडीशी संबंध नाही, पण बीएमडब्ल्यू बघत असाल तर एक लक्षात ठेवा. त्यांच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. चेनची खरखर थंड इंजिन सुरू करताना कान देऊन ऐका, कारण ते काम निघालं तर फार मोठं असतं.

या सगळ्यावर उपाय एकच. सोलापूरहून पहाटे निघालात तरी अडीचशे किलोमीटर आहे. तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी तापवायला त्याला वेळच वेळ मिळतो. आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा आणि सकाळी न कळवता जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा, कितीही आग्रह झाला तरी. थंड असेल तर आधी चारही चाकांवरची उंची बघा, मगच चावी फिरवा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. माझ्या एजंटाकडे ते नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, गॅरंटी कसली?" जुन्या गाडीला खर्च येणारच, ते मलाही मान्य आहे. पण मीटर मागे फिरवणं आणि कोड पुसून गाडी देणं हा खर्च नव्हे, ही फसवणूक आहे. पुण्याच्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. मी सोलापुरातच केली आहे. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यानं ५८ हजार रनिंग लिहून पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज, बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद आणि सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड जोडलाय. व्यवहार चालू असतानाच हे कागद गोळा करत चला. रोखीत पैसे देऊ नका, आणि किलोमीटर फोनवर तोंडी सांगितले तर मेसेजमध्ये लिहून मागा.