हायड्रोमार्कर : दोन पावसाळे वापरल्यावर

बचत गटातल्या आम्ही सातजणींनी वर्गणी काढून हायड्रोमार्कर घेतला, त्याला आता दोन पावसाळे झाले. गावात सगळे त्याला नळीच म्हणतात. उतारावरच्या एकाच उंचीच्या जागा शोधायचं हे साधन: दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर सेंटीमीटरचे आकडे आणि दोन्हींना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. माळावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर, काढायचे असतील तर ही नळी हाताशी आल्याशिवाय कुदळ उचलू नका.

आम्ही उचलली होती. आमचं गाव माण तालुक्यातलं, पावसाने कायम हात आखडता घेतलेलं. 2018 साली आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिली आली. ते बघून पुढच्या उन्हाळ्यात आम्हीही चर खणले, नजरेच्या अंदाजाने. पहिल्याच वळवाला सगळं पाणी एका टोकाला धावलं, भराव फुटला आणि खाली गुडघाभर ओघळ पडला. चराची खोली 30 सेंटीमीटर. एका टोकाला जमीन तेवढीच खाली असली तर तो चर राहत नाही, पाट होतो. माती अडवायला गेलो आणि तिला वाहून जायला आम्हीच वाट करून दिली. तो ओघळ अजून बुजलेला नाही.

नळीने आखताना एकीने जागा सोडायची नाही, दुसरीने दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत उतारावर वर-खाली सरकायचं आणि तिथे फक्की टाकायची. मात्र आकडा वाचताना दोन्ही टोकांची बुचं उघडी हवीत. एका सकाळी माझं बूच तसंच राहिलं आणि चाळीसेक मीटरची आखणी वाया गेली. तेव्हापासून माझ्या थोरल्या जाऊबाई दर थांब्याला आधी विचारतात, "बूच काढलंस का गं?" मगच आकडा सांगतात. नळीत हरभऱ्याएवढा बुडबुडा अडकला तरी आकडा चुकतो. पाण्यात चिमूटभर नीळ टाका, बुडबुडा लगेच दिसतो.

तक्रार आहे ती मालाची. पट्टीवरचे चिकटवलेले आकडे उन्हाने सुटले, ते आम्ही ऑइलपेंटने पुन्हा काढले. नळी वर्षात पिवळी पडली. दुकानदाराने बदलून दिली नाही. घेताना जाड नळीच मागा.

60 सेंटीमीटर रुंद आणि 30 खोल चर 100 मीटर लांब असला, की एका भरण्यात 18,000 लिटर पाणी धरतो. गेल्या आषाढात रात्रभर पाऊस झाला. सकाळी आम्ही माळावर गेलो, तर चरातलं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत काठाच्या चार बोटं खाली, सगळीकडे सारखं. जाऊबाई काठावर बसून हाताने पाणी मोजत राहिल्या. संध्याकाळपर्यंत ते जिरलं. भरावावर टाकलेलं पवना गवताचं बीही उगवलंय.

माथा झाला, आता पायथ्याकडे उतरायचं आहे. त्यासाठी दुसरी नळी घेतोय. दहा मीटरची दगडधोंड्यांत अपुरी पडते, म्हणून पंधराची.