पेक्स पाइपचे जोड: गेज की प्रेशर टेस्ट?

अमेरिकेत बेसमेंटचं प्लंबिंग स्वतः करणाऱ्या मित्राला पडलेला प्रश्न: पेक्स म्हणजे पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचे जोड नीट बसलेत का, हे कशाने तपासायचं? हे जोड तांब्याची रिंग आवळून करतात.

गेज म्हणजे रिंग किती आवळली हे मोजणारी खाचांची पट्टी. तो स्वस्त, बरेचदा क्रिंपरसोबतच (रिंग आवळायच्या अवजारासोबत) येतो. ‘गो’ खाच तांब्याच्या रिंगवर बसायलाच हवी. नाही बसली तर रिंग सैल. ‘नो-गो’ खाच बसली तर रिंग जास्त आवळली. दोन्ही वेळी जोड कापून नवा करा. मात्र रिंग पाइपच्या टोकापासून 3 ते 6 मिलिमीटरवर आहे का, हे डोळ्यांनीच पाहायचं.

प्रेशर टेस्टला, म्हणजे पाइपमध्ये दाब भरून गळती पाहायला, पंप लागतो, वेळही जातो. विसरलेला जोड, खिळ्याचं भोक ती पकडते. पण अर्धवट दाबलेली रिंग त्या दिवशी पास होऊन नंतर दगा देऊ शकते.

उघड्यावरचे दोन-चार जोड असतील तर गेज आणि नळ सोडून पाहणं पुरे. भिंत बंद होणार असेल तर दोन्ही.