हरलेल्या फॉरमॅटचा प्लेअर: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात चित्रपट ऐन रंगात आला असताना चित्र गोठले आणि थोड्या वेळाने ‘डिस्क वाचता येत नाही’ अशी सूचना पडद्यावर आली, तेव्हा जुना एचडी डीव्हीडी (ब्लू-रेशी स्पर्धा करून हरलेला, डीव्हीडीहून सुस्पष्ट चित्राचा डिस्क-प्रकार) प्लेअर घेण्याच्या माझ्या काटकसरीला घरच्यांनी जी नावे ठेवली होती, ती मलाही पटू लागली. दुरुस्ती करणाऱ्याने झाकणही न उघडता ‘लेन्स गेली, पार्ट मिळत नाहीत’ असे सांगितले आणि तपासणीचे पैसे तेवढे घेतले.

ब्लू-रेशी झालेल्या लढाईचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीची मुख्य पुरस्कर्ती तोशिबा हिने माघार जाहीर केली. पुढे मातीमोल झालेल्या डिस्कच मी वेचून घेतल्या. एका थरावर एचडी डीव्हीडीचे १५ जीबी की ब्लू-रेचे २५ जीबी, हा फरक मला पडद्यावर कधी जाणवला नाही. उलट एचडी डीव्हीडीला रीजन कोड (डिस्क ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालू देणारे बंधन) नसल्याने कुठल्याही देशातली डिस्क चालते, हे सुख ब्लू-रेवर सरसकट मिळत नाही.

माझा खरा राग आहे तो कॉम्बो डिस्कवर. एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असल्याने लेबलला जागाच उरत नाही, म्हणून मधल्या छिद्राभोवतीच्या अरुंद पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत बाजूचे नाव छापलेले असते. चष्मा कपाळावर चढवून, डिस्क दिव्याखाली तिरकी धरून ते वाचले, तरी ते नाव वरच्या बाजूचे की लेसर वाचणार त्या खालच्या बाजूचे, हा घोळ माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. त्यात माझा प्लेअर सुरू व्हायलाच जवळजवळ मिनिटभर घेतो, त्यामुळे बाजू चुकली की चहा गार होतो.

प्लेअर भंगारात देण्यापूर्वी मी सात डिस्क शेवटपर्यंत चालवून पाहिल्या आणि मत बदलावे लागले. पाच निर्वेध चालल्या. अडकल्या त्या दोन्ही कॉम्बो, आणि त्यांवर ओरखडा एकही नव्हता. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असल्याने तिला कठीण लेप द्यावा लागला, तर आपल्या एचडी डीव्हीडीची माहिती साध्या डीव्हीडीप्रमाणे ०.६ मिलिमीटर खोल सुरक्षित आहे, असे मी आजवर येईल त्याला ऐकवत असे. पण डिस्क आतूनच खराब होऊ लागली, तर त्या खोलीचा काय उपयोग?

शेवटी वैतागून मी गेल्या महिन्यात अडकलेली तीच कॉम्बो डिस्क उलटी घातली. डीव्हीडीची बाजू, चित्र काहीसे धूसर असले तरी, एकदाही न अडखळता चालली आणि राहिलेला अर्धा तास पाहून झाला. तोच चित्रपट ब्लू-रेवर पुन्हा विकत घेण्याचा विचार मी तिथेच सोडला. प्लेअर कपाटात परत गेला आहे आणि प्रत्येक कॉम्बोच्या डबीत, कोणती बाजू खाली ठेवायची याची चिठ्ठी ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहे.