छतावरचं सोलर की मोठ्या कंपनीची सोलर-विंड? शिरोलीतल्या एका फौंड्रीवाल्याचा हिशोब

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कोल्हापुरातल्या कुठल्याही एमआयडीसीत आता दोन कारखानदार भेटले की स्क्रॅपच्या रेटनंतर दुसरा विषय हाच, वीज कुठनं घ्यायची. छतावर स्वतःचं सोलर टाकायचं, का सोलर आणि पवनचक्क्या दोन्ही असलेल्या मोठ्या कंपनीच्या ग्रुप कॅप्टिव्हमधे (अनेक कारखान्यांची भागीदारी असलेल्या वीज प्रकल्पात) शेअर घेऊन तिथनं वीज उचलायची. माझ्याकडं सध्या दोन्ही आहे, जुन्या शेडवर छताचं आणि नवीन फर्नेससाठी कंपनीचं. त्यामुळं जे सांगतोय ते माझ्या शेडवरचं, तुमच्याकडं वेगळं निघू शकतं. पॅनल कुठला, इन्व्हर्टर कुठल्या मेकचा यात शिरत नाही, ते सगळ्यांना पाठ झालंय.

पहिल्यांदा छत पुरतंय का तेवढं बघा. इंडक्शनवर, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन सीआय (कास्ट आयर्न) वितळवायला साधारण ६०० युनिट जातात, आणि आपल्याकडं एक किलोवॅट सोलर वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. म्हणजे २०० किलोवॅटचं छत दिवसभर तापून ८०० युनिट, एक टन आणि वर थोडं. मशीन शॉपवाल्याला ते भरपूर झालं, त्याचं निम्मं बिल तिथंच मिटेल. फौंड्रीला मात्र ते चहापाण्याचा खर्च निघाल्यासारखं आहे.

तरी छताच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. वीज तिथंच तयार होते, तिथंच वापरली जाते, व्हीलिंग नाही, ट्रान्समिशन नाही (दोन्ही वीज तारांवरनं आणायचं भाडं), एकदा चालू झालं की कुणाच्या सहीसाठी थांबायचं नाही. इन्कम टॅक्समधे ४० टक्के डेप्रिसिएशन (घसारा) मिळतं ते तुमच्या पुस्तकात येतं, कंपनीच्या प्लांटमधे ते कंपनीच्या पुस्तकात जातं. पुढच्याच बिलात फरक दिसतो आणि मालकाला गच्चीवर जाऊन हात लावून बघता येतं, हेही कमी नाही. डिमांड चार्जेस (लोडवरचा स्थिर आकार) दोन्हीकडं महावितरणला द्यावेच लागतात, त्यात फार फरक पडत नाही.

आता माझा कंटाळा जिथं आला ते सांगतो. राख.

नोव्हेंबरात साखर कारखाने पेटले की आमच्या भागात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख उडायला लागते. घरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तीच. त्यात आमची स्वतःची सँड प्लांटची धूळ, फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करण्याचा) बारीक कचरा, शेजारच्याचा धूर. रात्री दव पडलं की हे सगळं भिजून काचेला चिकटतं आणि सकाळच्या उन्हानं वाळून बसतं. शेडच्या पत्र्याला उतार कमी, पॅनल पत्र्याला समांतर, त्यामुळं धुतलेलं पाणीसुद्धा खालच्या फ्रेमला अडतंय आणि तिथं बोटभर रुंद काळी पट्टी धरतीय. खालनं बघितलं तर पॅनल चकाचक, फक्त ती पट्टी, पण खालच्या ओळीतल्या सेलवर कायमची सावली पडल्यासारखं होतं, पॅनल मार खातो आणि त्याच्या मागं आख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकाला एक जोडलेली पॅनलची माळ. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वर क्षाराचे पांढरे डाग. दुपारी गरम काचेवर गार पाणी मारायचं नाही, म्हणजे पहाटे माणसं वर चढवायची, पत्र्यात मधे मधे उजेडासाठी फायबरचे शीट असतात त्याच्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली, म्हणून दोर, बेल्ट, खाली एक माणूस उभा. एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीचा ठेकेदार) पहिल्या वर्षी वेळेवर येतो, मग "सीझन आहे साहेब, सगळीकडनंच फोन आहेत". शेवटी आपलेच हेल्पर, आणि ते वर असेपर्यंत माझं लक्ष मोल्डिंगकडं नसतं, पत्र्याकडं असतं. धुतल्यावर ॲपवर आलेख वर उडी मारतो ते बघून बरं वाटतं, आठवड्यात परत खाली. नवीन फर्नेसच्या वेळी दुसऱ्या शेडचा पत्रा मोकळाच होता, तरी छत नको म्हटलं ते या एका गोष्टीमुळं. बाकीचे हिशोब नंतर जुळवले.

पण जुळले चांगले, हेही खरं. कोल्हापुरात जुलै म्हणजे सूर्य रजेवर, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढत असतं तेव्हा माझं छत उन्हाळ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. नेमकं त्याच दिवसांत वारं जोरात असतं. पाटणच्या वर वनकुसवडे पठारावर पावसाळ्यात कधी गेला असाल तर माहिती असेल, दरवाजा उघडला की गाडीतनं कागद उडून जातात. पवनचक्कीचं वर्षाचं पीक बरंचसं मे ते सप्टेंबरमधे निघतं, सोलरचं त्याच्या उलट, म्हणून या कंपन्या दोन्ही एकत्र विकतात. दुसरं म्हणजे टीओडी, तासाप्रमाणं बदलणारा विजेचा दर. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा सवलत म्हणून आपल्याकडं बऱ्याच फौंड्र्या रात्रीच हीट काढायच्या (धातू वितळवायच्या), आता सवलत दिवसाच्या उन्हाच्या तासांकडं सरकलीय आणि संध्याकाळ महाग. छत जे युनिट वाचवतं ते आधीच स्वस्त झालेल्या तासातलं. वारं संध्याकाळीही चालतं.

(सुझलॉनच्या तुलसीभाई तांतींची गोष्ट आपल्या लोकांना आवडण्यासारखी आहे. सुरतेत कापडाचा धंदा, विजेचं बिल नफा खातंय म्हणून स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ ला पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. बिलाला वैतागलेला माणूस कुठवर जातो बघा.)

कंपनीकडं सगळं गोड आहे असं अजिबात नाही. कायद्यानं २००५ च्या नियमांप्रमाणं सगळ्या वापरणाऱ्यांचा मिळून प्लांटमधे किमान २६ टक्के हिस्सा पाहिजे आणि वर्षाच्या विजेतली किमान ५१ टक्के त्यांनीच उचलली पाहिजे, तीही ज्याच्या त्याच्या शेअरच्या प्रमाणात, दहा टक्के इकडंतिकडं. वर्षाखेरीला हे बसलं नाही तर प्लांटचा कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी सरचार्ज (महावितरणऐवजी बाहेरनं वीज घेतल्याबद्दलचा जादा आकार) सगळ्यांच्या डोक्यावर येतो. म्हणजे दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मंदी आली तरी झळ तुम्हाला लागू शकते. करार लांब मुदतीचा, ऑर्डर कमी झाल्या म्हणून मधेच हात वर करता येत नाहीत. आणि माणसं! सही होईपर्यंत रोज फोन करणारा साहेब नंतर बदलून जातो, नवीन येतो तो पहिल्यापासनं सगळं विचारतो. महावितरणच्या बिलात आपली युनिट कुठल्या तासाला लागली हे वाचता येणारा माणूस ऑफिसात पाहिजे, आमच्याकडं अकाउंटंटनं ते शिकून घेतलं म्हणून निभावतंय. तरी मला विचाराल तर कागदाचा त्रास खुर्चीत बसून होतो.

२०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस (बाहेरनं हरित वीज घ्यायची मुभा) नियमांनी लोडची किमान मर्यादा १ मेगावॅटवरनं १०० किलोवॅटवर आणलीय, म्हणजे कागदावर आपल्यातले बरेच जण बसतात. पण कच्छमधे खावड्याला ३० गिगावॅटचं पार्क जिथं उभं राहतंय त्या धंद्यातल्या कंपन्या लहान लोडवाल्याला फारसं मनावर घेत नाहीत असा माझा अनुभव आहे. दोघातिघांनी मिळून गेलं तर बोलणं तरी नीट होतं.

एक गैरसमज जाता जाता. महापुरात लाईट गेली तरी छतावरचं चालेल असं कुणी धरून असेल तर तसं नाही, ग्रिड गेलं की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरपण बंदच होतो, कितीही ऊन असू दे. २०१९ ला आणि २०२१ ला हायवेवर पाणी होतं तेव्हा डिझेल जनरेटर ज्याचा, त्याचीच लाईट.

तर मशीन शॉप असेल, पत्रा मजबूत असेल, साखर कारखाना आणि फौंड्री दोन्ही लांब असतील तर छत टाका, खुशाल टाका. फर्नेस असेल तर माझा कल कुठं आहे ते कळलंच असेल. सही करण्याआधी मात्र कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. दुसऱ्या शेअरहोल्डरमुळं कॅप्टिव्ह दर्जा गेला तर सरचार्ज कोण भरणार. वारं कमी झालेल्या वर्षी तुटीचं काय. आणि प्लांट महाराष्ट्रातला का बाहेरचा, कारण आंतरराज्य ट्रान्समिशनची पूर्ण माफी ३० जून २०२५ पर्यंत चालू झालेल्या प्रकल्पांनाच होती, त्यानंतरच्यांना ती दरवर्षी २५ टक्क्यांनी कमी होत जाते, आणि सेल्सवाल्याच्या एक्सेल शीटमधे ती ओळ बऱ्याचदा नसते.