घुंगूरकाठी: तिळारी-आंबोलीकडच्या काजूबागांसाठी घ्यावी का?

सावंतवाडीच्या बाजारात मिळणारी ही पाच फुटी वेताची काठी, वर पितळी घुंगरं, खाली लोखंडी टोपी. किंमत 350 रुपये. दोडामार्ग, आंबोली भागात पहाटे काजूबागेत जाणाऱ्याने जरूर घ्यावी, पण ती अस्वलाला मारायला नाही, आपली चाहूल त्याला लांबूनच द्यायला आहे, हे आधी पक्कं करा.

अस्वलाची नजर अधू. वारूळ फोडून वाळवी ओढताना ते स्वतःच इतका आवाज करतं की माणसाची चाहूल लागतच नाही. मग दहा पावलांवर अचानक गाठ पडते आणि घाबरलेलं अस्वल थेट तोंडावर येतं. पाठीवर पिल्लं असतील तर जास्तच. तीन-चार इंची नखं आहेत ती. म्हणून आवाज लांबूनच जायला हवा: दर दोन पावलांना काठी कातळावर आपटायची आणि बोलत चालायचं. करवंदाच्या जाळीपाशी, वळणावर, ओहोळाच्या खळखळाटात थांबून हाळी द्या, कारण तिथे घुंगरं पुरत नाहीत. खरी उणीव हीच.

दुसरी उणीव घुंगरं बांधलेल्या सुतळीची. पावसात कुजते, घुंगरं गळतात. पहिल्याच दिवशी तांब्याच्या तारेने पक्की बांधा. पत्र्याची घुंगरं स्वस्त मिळतात, पण गंजून मुकी होतात, घेऊ नका.

अस्वल दिसलंच तर धावू नका, ते तुमच्यापेक्षा वेगात पळतं. त्याची वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरा. अंगावर आलंच तर पालथे पडा, बोटं गुंतवून मान झाका. काठीसोबत टॉर्च हवाच.